इगतपुरी, नंदुरबार, एरंडोल

कुसुमच्या मुलाचा, नितीनचा फोन आला तेव्हा मी सुरतेतल्या लोचोच्या दुकानासमोर रांगेत उभी होते. कुसुम गुरुवारी दवाखान्यातून घरी आली होती आणि शनिवारी संध्याकाळी उशीला टेकून बसल्या बसल्या तिनं फर्मान काढलं होतं, की उद्या सकाळी न्याहारीला वाफवलेल्या डाळीचा लोचो पाहिजे, तेल कमी टाकायला सांग, शेव मात्र कमी नको. डॉक्टरांनी काय खायला सांगितलंय ते मी तिला वाचून दाखवलं, तर आपल्या अहिराणीत म्हणाली, "डॉक्टर सुरतना नई दिसत." म्हणून रविवारी मी रांगेत. पुढच्या माणसाचं झालं, माझा नंबर आला, आणि तेवढ्यात फोन वाजला. "मावशी..." नितीन म्हणाला. "मम्मी गेली. आत्ताच. झोपेतच." दुकानदार विचारत होता, "बोलो बेन, केटला आपूं?" मी म्हणाले, दोन. दोन पुडे घेतले, पैसे दिले, सुटे मोजून पर्समध्ये टाकले आणि चालत निघाले. जिना चढताना पुड्यांचा चटका हाताला बसत होता तेव्हा कुठं मला कळलं, की मी दोन आणलेत. दार उघडं होतं. आत माणसं जमली होती. पुडे कुठं ठेवावेत ते मला कळेना... शेवटी शेजारच्या बेननं ते माझ्या हातातून काढून घेतले.

कुसुम माझी कोण, हे या दिवसांत पुष्कळांनी विचारलं. नात्यागोत्याची नव्हे. ती एरंडोलची, मी नंदुरबारची. बमरोलीजवळच्या आमच्या सोसायटीत ती पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. तिचे यजमान सुधाकरभाऊ हजीऱ्याच्या एका कंपनीत होते, पहाटे कंपनीच्या बसनं जायचे आणि येताना भाजी घेऊन यायचे. कुसुम स्वतः रिंग रोडच्या कापड मार्केटात एका साडीच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाला होती. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे सांगायची ही जागा नव्हे आणि कारण फारसं रंजकही नाही. चुका काढणं हा माझा पिंड, त्यामुळे कुसुमनं पहिल्याच महिन्यात माझं नाव मास्तरीण ठेवलं आणि ते पुढं सगळ्या सोसायटीनं उचललं. नितीन तेवढा मला मावशी म्हणायचा. माझ्या स्वतःच्या भाचरांना माझा वाढदिवस ठाऊक नाही, पण या पोराला मला गवार आवडत नाही हेसुद्धा ठाऊक आहे.

मार्केटात माल बांधताना एक रीत असते. गठ्ठ्यात साड्या भरायच्या तेव्हा एक जण डिझाइनचा नंबर मोठ्यानं बोलतो आणि दुसरा लिहितो. भरून झालं की उलटं करायचं, लिहिणाऱ्यानं वाचायचं आणि बोलणाऱ्यानं माल बघून 'हं' म्हणायचं. बोलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. कुसुमच्या आयुष्याचं हे एकच तत्त्वज्ञान होतं आणि ते ती कशालाही लावायची. किराण्याची यादी, लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्ते, नितीनचा दहावीचा फॉर्म, सगळं दोघांनी. "एकल्यानं करेल कामनी चूक त्यालेच दिसत नई," असं ती म्हणायची. मला तिचं हे पटायचं, कारण मीही जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या होत्या आणि स्वतःच्या पत्रात मात्र वेलांट्या चुकवत आले होते.

सुधाकरभाऊंना शेअरचा नाद होता. नाद म्हणजे अगदी मध्यमवर्गीय नाद. ओव्हरटाइमचे पैसे आले की ते नाक्यावरच्या ऑफिसात जायचे आणि दहा-वीस शेअर घेऊन यायचे, वांगी आणावीत तसे. विकायचे फार क्वचित. पण विकले की जुलैत ते विवरणपत्रात दाखवावे लागतात, आणि ते काम कुसुमचं. आधी ती हातानं भरायची, मग नितीननं कर भरायचं सॉफ्टवेअर आणून दिलं. सॉफ्टवेअर आलं तरी रीत तीच राहिली. कुसुम कॉम्प्युटरच्या कळपाटीशी आणि बाजूच्या खुर्चीत ब्रोकरकडून आलेला वर्षाचा कागद हातात धरून सुधाकरभाऊ. कोणता शेअर, कधी घेतला, कितीला घेतला, कधी विकला, कितीला विकला... ते बोलायचे, ती लिहायची. वर्षभर धरून मग विकला तर कर एक, त्याआधीच विकला तर दुसरा, म्हणून तारखा नीट जायला हव्यात. शिवाय प्रत्येक शेअरला एक लांबलचक सांकेतिक क्रमांक असतो, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेला. त्यात बी आणि डी सारखेच ऐकू येतात. एकदा त्यावरून घोटाळा झाला तेव्हा कुसुमनं मार्केटातली युक्ती घरी आणली. अक्षराऐवजी गाव बोलायचं, आणि गाव आपल्या सुरत-भुसावळ लाइनवरचं, नाहीतर आपल्या मुलखातलं तरी. ए अमळनेरचा, बी भुसावळचा, डी दोंडाईच्याचा, व्ही व्याऱ्याचा, यू आपल्या उधन्याचा. जन्मभर ज्या गाडीनं दोघं माहेरी-सासरी जात-येत होती, तिच्यात बसून दर जुलैत त्यांचा कर भरला जायचा.

सुधाकरभाऊ गेले ते अचानक. कंपनीची बस त्यांना नाक्यावर सोडून गेली आणि ते घरापर्यंत पोचले नाहीत. त्या वर्षी जुलै आला तेव्हा कुसुमनं मला वर निरोप पाठवला, की मास्तरणीला म्हणावं, वाचायला ये. मी गेले. बाजूच्या खुर्चीत बसले. मला शेअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाचता येत होतं आणि तिला तेवढंच हवं होतं. मी कागद धरून मास्तरणीच्या सुरात 'आय, एन, ई' म्हणायला लागले तर तिनं हात वर केला. "गाव बोल, व. इगतपुरी, नंदुरबार, एरंडोल." एरंडोल लिहून झालं की म्हणायची, "हं, पुढं वाच." पुढच्या शेअरलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. आपल्याकडच्या सगळ्याच कंपन्यांच्या शेअरचा क्रमांक या तीन अक्षरांनी सुरू होतो, हे मला त्या दिवशी कळलं. नंदुरबार म्हणजे मी आणि एरंडोल म्हणजे ती, तेवढं ठीक. पण इगतपुरी? "आपली लाइनवर इगतपुरी कोठे शे?" मी विचारलं. "मंग आयनं दुसरं टेशन सांग," ती म्हणाली. दर वर्षी मी हा आक्षेप घेत आले, दर वर्षी ती मला दुसरं स्टेशन सांगायचं आव्हान देत आली, आणि इगतपुरी आपली पुढं बसून राहिली.

सुधाकरभाऊंचे शेअर तिच्या नावावर झाले. पुढच्या एका वर्षी तिनं त्यातले थोडे विकले. नितीन तेव्हा बंगळूरहून आला होता. तो म्हणाला, "मम्मी, आता टाइप करायची जरूरच नाही. ब्रोकरचा अकाउंट जोड, एक बटण दाब, सगळं आपोआप येतं." त्यानं बटण दाबलं. खरंच सगळं आलं. पण खरेदीच्या तारखेच्या रकान्यात ते शेअर कुसुमच्या खात्यात वळते झाले ती तारीख आली होती आणि खरेदीचा भाव कोराच होता. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते तिनं ते काही महिन्यांपूर्वी फुकट मिळवले आणि लगेच विकले. नितीन म्हणाला, "थांब, बघतो." कुसुम मात्र त्या तारखेकडे बघतच राहिली. करापेक्षा दुसरंच काहीतरी तिला लागलं होतं. "यास्नी धरेल वरसं कोठे गयात मंग?" ती म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, स्मशानातून माणसं परतली त्या दिवशीसुद्धा नाही.

तिनं बटणानं आलेलं सगळं पुसलं आणि मला कागद हातात घ्यायला सांगितला. शेअर कसा मिळाला, याचाही एक रकाना असतो. खरेदी, बोनस, भेट... आणि त्यातच वारसा हक्कानं. तो निवडला की नियम सांगतो, मूळ मालकानं ज्या दिवशी आणि ज्या भावानं घेतला तीच तारीख घाला, तोच भाव घाला. त्यानं धरलेली वर्षं तुमच्या वर्षांत मिळवली जातात. सुधाकरभाऊंच्या जुन्या पावत्या तिनं साड्यांच्या खोक्यात जपून ठेवल्याच होत्या. मी तारीख वाचली. ती लिहिताना कुसुम थांबली, कारण त्या तारखेच्या आसपास नितीनला गोवर आला होता आणि तशा धावपळीत हे माणूस शेअर घेऊन आलं म्हणून ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. "तवय मी किती भांडनू यास्नासंगे," असं म्हणून ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. मग पडद्यावर ती विक्री एका खणातून उठून दुसऱ्या खणात, बरीच वर्षं धरलेल्यांच्या खणात, जाऊन बसली. "बघ," ती म्हणाली, "सरकारनं बी मान्य करं." कायद्याच्या कलमानं कुणाचं सांत्वन झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

मला तिनं शेअर घ्यायला लावले ते मी निवृत्त झाल्यावर. मी पुष्कळ नाही म्हणून पाहिलं. माझं पेन्शन मला पुरत होतं आणि पोटापाण्याच्या पलीकडे माझ्या काही आकांक्षा नव्हत्या. पण ती हटून बसली. मार्चमध्ये, वर्ष संपायच्या आत, आम्ही दोघींनी थोडे थोडे विकायचे असा तिनं नेमच केला. भाव चढा असो की पडका, मार्चमध्ये विकायचेच. एकदा मी वैतागून म्हणाले, "कुसुम, सगळे एकदम विकून टाक बाई आणि मोकळी हो. दर वर्षाची ही कटकट तरी जाईल." ती चहा गाळत होती. गाळणं झटकून ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कटकट गयी म्हनजे तू कसाले येशी?"

एकाच जिन्याच्या दोन टोकांना राहणाऱ्या दोन बायका. भेटायला कारण कशाला लागतं, असं कुणी म्हणेल. पण लागतं. कारण नसलं की माणूस उद्या जाऊ म्हणतो. शाळेची नोकरी संपल्यावर माझ्याकडे कुणी यायचं कारणच उरलं नव्हतं. आमच्या शाळेतली पोरं आता भेटली की गुजरातीत बोलतात, 'केम छो टीचर' म्हणतात आणि गाडी न थांबवता पुढं जातात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. नितीन आईला रोज फोन करायचा, व्हिडिओवर दिसायचा, पण व्हिडिओवरच्या माणसासाठी कुणी चहाचं आधण वाढवत नाही. कुसुमला हे माझ्या आधी कळलं होतं. म्हणून तिनं जुलैचं काम राखून ठेवलं होतं. एका दुपारचं काम आम्ही महिनाभर पुरवायचो. आज वाचायचं, उद्या उलटं वाचायचं, परवा लोचो आणून 'हं' म्हणत पुन्हा एकदा ताळा घ्यायचा. बाहेर रस्त्यानं साड्यांचे गठ्ठे भरलेले टेम्पो जायचे, पलीकडच्या गाळ्यांतले लूम खडखडत असायचे, आणि आत आम्ही व्याऱ्याहून दोंडाईच्याला, दोंडाईच्याहून भुसावळला निघालेलो असायचो. नितीन हसायचा. "मावशी, जे दोन मिनिटांत होतं त्याला तुम्ही दोघी महिना लावता!" मी म्हणायचे, तुला नाही कळायचं. त्याला खरंच कळू नये, असंही वाटायचं.

या मार्चमध्ये ती दवाखान्यात होती. हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती, आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना 'बघू या' असं म्हणायचे, ज्याचा अर्थ न कळण्याइतकी मी लहान नाही. वर्ष संपत आलं होतं. माझ्या फोनमध्ये ते ब्रोकरचं ॲप होतं, पण त्यावर मी कधी एकटीनं बोट ठेवलेलं नव्हतं; कुसुम बाजूला बसायची आणि मी दाबायचे. त्या दिवशी दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसून मी माझे थोडे शेअर विकले. पैशाची मला काहीही गरज नव्हती. मला जुलै हवा होता. जुलैत भरायला काहीतरी असलं तर तिला घरी यावंच लागेल, असं काहीतरी माझ्या डोक्यानं घेतलं होतं. लोक देवाला नवस बोलतात. मला एवढंच सुचलं. वर जाऊन मी तिला सांगितलं. तिनं ऑक्सिजनची नळी सारून विचारलं, "कोनता इका?" मी नाव सांगितलं. "एकलीनी? माले इचारं बी नई?" ती रागावली आहे असं मला वाटलं. पण तिचा हात चादरीवरून सरकत आला आणि माझ्या मनगटावर थांबला. "बठसूत मंग जुलैमा," ती म्हणाली. "तू वाच. मी लिखसू."

एप्रिल-मेभर तिचं दवाखान्यात जाणं-येणं चालू होतं; जूनच्या पहिल्या आठवड्यात ती गेली.

नितीन तेराव्यापर्यंत राहिला. वारस म्हणून नाव लागलं, की मम्मीचं विवरणपत्र मीच भरेन, असं त्यानं मला सांगितलं, आणि गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, की तसं ते भरलंही. मी विचारलं, मार्चअखेर तिनं तुझ्याकडून विकवून घेतलेल्या भाऊंच्या शेअरची तारीख? तो म्हणाला, "घातली ना मावशी. मम्मीनं शिकवलंय मला, वारसा निवडून पप्पांची तारीख घालायची." मला बरं वाटलं. पोरानं लक्ष दिलं होतं. मग तो म्हणाला, "उरलेले शेअर आता माझ्या नावावर होतील. मी कधी विकले तरी तारीख पप्पांचीच लागेल. आधीच्या दोघांचीही वर्षं त्यातच धरतात." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या वाक्यापाशी होते. पप्पांची तारीख, पप्पांचा भाव, आणि विकणारा नितीन. मध्ये कुसुम कुठंच नाही. तिनं ते शेअर सांभाळले, भाव पडला तेव्हा काळजी केली, चढला तेव्हा विकले नाहीत, थोडे थोडे करून पुरवले... ती वर्षं मोजली जाणार, पण तिची म्हणून नाही. जो नियम तिला एकदा इतका प्रेमळ वाटला होता, त्याचा मला त्या दिवशी राग आला. नियमावर रागावून काय होणार? पण आला.

कुसुमच्या घराची किल्ली नितीननं माझ्याकडे ठेवली आहे. परवा दुपारी मी खाली गेले, दार उघडलं, खिडकी उघडली. कॉम्प्युटर तिथंच आहे. त्याच्यासमोर तिची खुर्ची, तिच्यावर चपटी झालेली उशी. बाजूला खिडकीशी माझी, वाचणाऱ्याची. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि माझं विवरणपत्र उघडलं. ते भरलेलंच होतं. मार्चमधली ती विक्री ब्रोकरकडून आपोआप आली होती, तारखा बरोबर, भाव बरोबर, सांकेतिक क्रमांक बरोबर. मला फक्त 'पुढे' म्हणायचं होतं. जिच्यासाठी मी ते शेअर विकले ती नसताना ते काम असं चुटकीसरशी होऊन जावं, हे मला सहन होईना. मी ती ओळ पुसून टाकली. कागद घेतला आणि सवयीनं माझ्या खुर्चीत येऊन बसले. आणि मग लक्षात आलं, की इथून कळपाटीला हात पोचत नाही. पोचायची कधी गरजच पडली नव्हती.

खुर्ची ओढून घेता आली असती. पण बोलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "इगतपुरी." त्या रिकाम्या घरात माझा आवाज वर्गातल्यासारखा आला. उठले, तिच्या खुर्चीत जाऊन बसले, एक अक्षर दाबलं, परत आले. इगतपुरी आपल्या लाइनवर नाही, असं म्हणावंसं वाटलं, पण कुणाला म्हणणार? "नंदुरबार," म्हणाले. उठले, लिहिलं, परत आले. गुडघे कुरकुरत होते. "एरंडोल," मी म्हणाले, आणि थांबले... इतकी वर्षं त्या गावानंतर पलीकडून आवाज यायचा, तो यायला वेळ लागतोय असं वाटून खरोखरच थांबून राहिले. खाली रस्त्यानं टेम्पो गेला. मग उठले, तिच्या उशीवर बसले, एरंडोल लिहिलं, आणि माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "हं... पुढं वाच, मास्तरीण."